पोटरी दुखायची राहिली

पायाचं रक्त एकाएकी थांबलं की मज्जातंतू सर्वांत आधी तक्रार करतात. स्नायू साधारण सहा तास तग धरतात. कातडी सर्वांत उशिरा मरते, म्हणून वरवर पाहणारा फसतो. पुढचा घटनाक्रम कुणा एका माणसाचा नाही आणि कुठल्या एका रुग्णालयाचाही नाही. भूलशास्त्रात असे पाय पुन्हा पुन्हा भेटतात, त्यांचे तास इथे एका पायावर मांडले आहेत. रुग्ण सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला धरला आहे, वय ६२, वजन ६० किलो. घरात, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. प्रत्येक वेळेपुढे पाय वाचवायला किती अवधी बाकी होता तेही लिहिलं आहे. तो हिशेब मागाहून केलेला आहे, त्या दिवशी तो कुणाच्याच हाती नव्हता.

शनिवार, पहाटे ४.३० — साडेवीस तास बाकी

आबांना १८ वर्षं साखरेचा आजार, त्याहून जुनी विडी. दोन वर्षांपासून शेताचा एक बांध चालून झाला की डावी पोटरी आवळून यायची. बसलं की मोकळी व्हायची. वयामुळे होतंय असं सगळ्यांनी धरलं. खरं तर पायाच्या धमन्या चरबी आणि चुन्याने आतून अरुंद होत चालल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसला, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. हृदय आता जेमतेम ३० टक्के रक्त पुढे ढकलतं (निरोगी हृदय ५५ टक्क्यांच्या वर ढकलतं) आणि त्याचा ठोका अनियमित झाला आहे.

अशा हृदयाच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं आणि रेंगाळलेलं रक्त गोठतं. त्यातली एक गुठळी पहाटे सुटते आणि डाव्या जांघेत, मोठी धमनी जिथे दुभागते तिथे, अडकते. आबा ओरडूनच उठतात. पत्नी तिळाचं तेल चोळते, विटेचा शेक देते. शेक इथे घातकच. ऊब मिळाली की उपाशी स्नायू आणखी ऑक्सिजन मागतात, आणि साखरेने बोथट झालेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही.

सकाळी ७.३० — साडेसतरा तास बाकी

गावच्या डॉक्टरांकडे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. 'शीर आखडली असंल.' पावलावरची नाडी कुणी चाचपत नाही. दोन्ही पावलांवर एकाच वेळी हात ठेवला असता तर एक गार आणि एक ऊबदार आहे हे समजायला कुठलीच पदवी लागली नसती.

सकाळी ९.१५ — पावणेसोळा तास बाकी

ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर मुलीला मात्र लगेच कळतं. पाय पांढरा, गार, नाडी नाही, अंगठ्याला स्पर्श लागत नाही. ती १०८ ला फोन करते, ईसीजी काढते, चिठ्ठीवर 'अक्यूट लिंब इस्केमिया' (पायाचं रक्त एकाएकी थांबणं) असं ठळक लिहिते आणि त्याखाली वेदना सुरू झाल्याची वेळही टाकते. या दिवसातली ही सर्वांत मोलाची नोंद.

सकाळी ११.३० — साडेतेरा तास बाकी

सोलापूर. डॉपलर तपासणीत जांघेखाली प्रवाह नाही. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची ५००० युनिट शिरेतून जातात. स्पर्श पावलाच्याही वर गेलेला आहे, बोटांची हालचाल मंदावली आहे. रुदरफोर्डच्या वर्गवारीत हा दुसऱ्या पायरीचा 'ब' पाय, म्हणजे लगेच रक्त मिळालं तर वाचेल असा. सात तास संपले आहेत. रक्तवाहिन्यांचे सर्जन दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकलेले, ते तासाभरात येतात.

दुपारी १.४० — अकरा तास वीस मिनिटं बाकी

आता भूलतज्ज्ञासमोरचा पेच. पूर्ण भूल द्यायची तर ३० टक्के हृदय आणि पोटात सकाळचा चहा-भाकरी. कण्यात सुई घालून कंबरेखाली बधिर करायचं तर क्लोपिडोग्रेल काल रात्रीपर्यंत चालू आहे आणि हेपरिन नुकतंच दिलं आहे. ही गोळी पाच ते सात दिवस बंद असल्याखेरीज पाठीच्या कण्यात सुई घालू नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण तिथे रक्त साचलं तर दोन्ही पाय जाऊ शकतात. उरतो नर्व्ह ब्लॉक. पायाकडे जाणारे मज्जातंतू वाटेत गाठायचे आणि त्यांच्याभोवती बधिरीकरणाचं औषध सोडायचं. जांघ आणि गुडघ्याची मागची खळगी या जागा उथळ आहेत, रक्त आलं तर बोटाने दाबून धरता येतं. हृदयाला या भुलीचा पत्ताही लागत नाही. अशा रुग्णाला यापेक्षा दयाळू भूल नाही, हे मी अगदी मनापासून म्हणतो.

सोनोग्राफीमुळे ते जमू लागलं. १९७८ मध्ये ला ग्रांज आणि सहकाऱ्यांनी डॉपलरच्या आवाजावरून धमनी हेरून खांद्याजवळ ब्लॉक दिले. १९९४ मध्ये व्हिएन्नात काप्राल आणि सहकाऱ्यांनी सुई आणि औषध पडद्यावर प्रत्यक्ष पाहत तेच केलं. त्याआधी विजेचे हलके झटके देऊन, पाय कधी उडतो हे बघत मज्जातंतू शोधावा लागे. मधुमेहाने बोथट झालेला मज्जातंतू त्या झटक्याला उशिरा ओ देतो आणि सुई आत घुसल्यावरच सापडण्याची भीती राहते. त्यामुळे आबांसारख्यांच्या पायाला या पडद्याचा उपयोग सर्वांत जास्त. (आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी लागते. या ऑपरेशन थिएटरला स्वतःचं नोंदलेलं यंत्र आहे. जिथे नाही तिथे भूलतज्ज्ञाला अजूनही हाताच्या अंदाजावर काम करावं लागतं. कायदा मला मान्य आहे, पण म्हणून थिएटर यंत्राविना राहावं हे मान्य नाही.)

प्रोब जांघेवर टेकतो. एरवी इथे धमनी धडधडताना दिसते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला मज्जातंतू असतो, ही खूण पहिल्या दिवशी शिकवतात. आज धमनी हलत नाही. तिच्या भिंतीवर चुन्याचे पांढरे कण आहेत, त्यांच्या सावल्या खाली पडल्या आहेत. रंगीत डॉपलर लावला तरी आतला गोल काळाच राहतो. धमनीच्या विकाराच्या रुग्णात भूलतज्ज्ञाची नेहमीची खूणगाठच हरवलेली असते, त्याला आवरणांच्या रेषांवरून वाट काढावी लागते. पण त्याच वेळी चाकू लागण्याआधी त्या पायाच्या आत पाहणारा तोच असतो.

जांघेत फीमोरल मज्जातंतूभोवती आठ मिलिलिटर. मग पाय उचलून गुडघ्यामागे, सायॅटिक मज्जातंतू जिथे दोन फांद्यांत फुटतो तिथे १५ मिलिलिटर. औषध ब्युपिव्हाकेन, ०.५ टक्का. एकूण ११५ मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला धरलेल्या १२० च्या मर्यादेत. त्यात ब्लॉक लांबावा म्हणून आठ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. सुईचं टोक सतत दिसत होतं, रक्त आलं नाही, औषध मज्जातंतूभोवती नीट गोल पसरलं. हात कसलेला होता, आणि निव्वळ कौशल्याच्या मापाने या ब्लॉकमध्ये खोट नाही.

खोट निवडीत होती. ०.५ टक्का ब्युपिव्हाकेन, डेक्सामेथासोनची जोड आणि मधुमेही मज्जातंतू हे तिन्ही ब्लॉक लांबवतात. एकत्र आले की पाय १८ तास, कदाचित २४ तासही, मुका राहतो. शिवाय पायाची बोटं ब्लॉकआधी किती हलत होती ते कुणी लिहून ठेवलं नाही. त्याच रात्री बोटं हलेनात तेव्हा ती रोगाने हलत नाहीत की औषधाने, हे सांगणारा कागदच नव्हता.

दुपारी ३.४० — नऊ तास वीस मिनिटं बाकी

जांघेतून धमनी उघडून सर्जन फोगार्टी कॅथेटर घालतात. १९६३ मध्ये टॉमस फोगार्टीने ते जगापुढे आणलं. मासे पकडताना शिकलेल्या गाठी बांधून त्याने नळीच्या टोकावर रबरी हातमोज्याच्या बोटाचा फुगा बसवला होता. फुगा मिटलेला आत जातो, गुठळीपलीकडे फुगतो आणि तिला ओढून बाहेर आणतो. वरची गुठळी निघते, पण नळी गुडघ्याखाली उतरत नाही, म्हणून गुडघ्याखालीही चीर घ्यावी लागते. ३.४० ला पाऊल गुलाबी होतं. आबा जागेच आहेत, छतावरच्या दिव्याकडे बघत विचारतात, "झालं का हो?" रक्तदाब सगळा वेळ स्थिर होता.

पाय ११ तास १० मिनिटं रक्ताविना होता.

या मिनिटाला धोका संपत नाही, त्याचा चेहरा बदलतो. उपाशी राहिलेल्या केशवाहिन्या गळक्या होतात. रक्त परत आलं की पाणी स्नायूंत झिरपतं आणि स्नायू सुजतात. पोटरीतले स्नायू चार कप्प्यांत असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवतीचं आवरण ताणत नाही. घट्ट बांधलेल्या पुरचुंडीत भिजवलेले हरभरे फुगावेत तसं आत होतं. दाब वाढला की आधी बारीक वाहिन्या मिटतात, स्नायू दुसऱ्यांदा उपाशी पडतो. मोठ्या धमनीतला दाब कितीतरी जास्त असल्याने ती वाहतच राहते, पावलावरची नाडी लागतच राहते. हाच कंपार्टमेंट सिंड्रोम. रक्ताविना आखडून मेलेल्या स्नायूंचं वर्णन जर्मनीत फोल्कमानने १८८१ सालीच केलं होतं.

उपाय एकच, फॅशिओटॉमी. दोन लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे करायचे. सहा तासांहून जास्त उपाशी राहिलेल्या पायात अनेक सर्जन रक्त सुरू केल्यावर लगेच, कुठल्याही लक्षणाची वाट न पाहता, ते करतात. इथे सर्जन पोटरी चाचपतात. मऊ आहे. क्लोपिडोग्रेल आणि हेपरिनवर एवढ्या उघड्या जखमा रात्रभर झिरपतील, मधुमेहात त्या चिघळतील, हा त्यांचा विचार चुकीचा नाही. ते थांबायचं ठरवतात. "लक्ष ठेवू, दुखायला लागलं तर उघडू."

हे वाक्य टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाच्या कानावर पडतं. तो पाय उद्या सकाळपर्यंत दुखणार नाही हे त्या खोलीत एकट्यालाच नेमकं माहीत आहे. ते बोललं जात नाही. सर्जनला वाटतं ब्लॉक चार-सहा तासांत उतरेल. भूलतज्ज्ञाला वाटतं सर्जनला ठाऊक असेल. मला या घटनाक्रमातली सर्वांत महागडी वेळ हीच वाटते. पाय बधिर आहे एवढी एक गोष्ट मोठ्याने सांगितली असती तर तराजू उघडण्याच्या बाजूला झुकला असता. टेबल तेच होतं, भूल चालू होती, आणखी अर्ध्या तासाचं काम होतं.

संध्याकाळी ५.०० — आठ तास बाकी

आयसीयू. आबा चहा मागतात. मुलगा डॉक्टरांच्या पाया पडतो. "सकाळपासून नुसता ओरडत व्हता माणूस, आता बघा कसा निवांत पडलाय." केस पेपरवर सूचना लिहिली जाते : पावलाची नाडी दर तासाला, साखर दर दोन तासांनी, हेपरिन चालू. पोटरीचा उल्लेख नाही. ब्लॉक कधी दिला आणि कधी उतरणं अपेक्षित आहे याचाही नाही.

रात्री ८.०० — पाच तास बाकी

पाळी बदलते. जाणाऱ्या सिस्टर येणाऱ्या सिस्टरना सांगतात, "बेड चारचा पाय छान आहे, गरम आहे, डॉपलरला आवाज येतोय." प्रत्येक शब्द खरा आहे. आत मात्र सातच्या सुमारासच दाब चढू लागला आहे.

वेदना असती तर काय झालं असतं? मॉर्फीनलाही न जुमानणारी वेदना, आणि पायाचं बोट कुणी नुसतं वर ओढलं तरी किंकाळी. कंपार्टमेंट सिंड्रोमची ही सर्वांत लवकरची लक्षणं. आबांनी रात्री नऊपर्यंत अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला असता. वेदना हा या पायाचा एकुलता एक राखणदार होता आणि त्याला झोपवलं होतं. ज्याने झोपवलं त्याने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने त्या जागी रात्रभर उभं राहायला हवं होतं.

ब्लॉक देऊच नये, असं यातून काढणारे पुष्कळ आहेत, सर्जनांमध्ये तर फारच. ते मला पटत नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या असोसिएशन ऑफ अनेस्थेटिस्ट्सने गुडघ्याखालच्या इजांसाठी मार्गदर्शन दिलं : कमी तीव्रतेचं औषध, त्यात दुसऱ्या औषधाची भर नाही, आणि देखरेख चोख, असं असेल तर ब्लॉकमुळे निदानाला उशीर होतो असं दिसत नाही. ते इजांसाठी असलं तरी तर्क इथेही लागू पडतो. ०.२ टक्का रोपिव्हाकेनने पाय पुष्कळ शांत होतो, पण रक्त कोंडल्याची वेदना बहुधा त्यातूनही वर येते, आणि बोटं हलू शकतात. शस्त्रक्रियेपुरती गाढ भूल हवीच असेल तर लवकर उतरणारं औषध वापरून मज्जातंतूशेजारी बारीक नळी ठेवता येते. मग रात्री हवं तेवढंच सोडायचं, शंका आली की थांबवायचं. एकदा टोचलेलं ०.५ टक्का ब्युपिव्हाकेन परत घेता येत नाही.

रात्री ११.०० — दोन तास बाकी

पोटरी ताठ लागते, कातडी चकाकते. सिस्टरना ते जाणवतं. त्या अनुभवी आहेत, म्हणतात, "आबा, अंगठा वर करा बघू." अंगठा हलत नाही. "दुखतंय का?" "अजिबात नाही, बाई." त्या निवासी डॉक्टरला फोन करतात. तो दुसऱ्या खाटेवर नळी घालण्यात गुंतलेला आहे. नाडी लागते का, तो विचारतो. लागते. मग ब्लॉकमुळेच हलत नसेल, सकाळी बघू. लघवीच्या पिशवीत रंग तांबूस-काळपट उतरू लागला आहे. तो मेलेल्या स्नायूंतून सुटलेला मायोग्लोबिन. तक्त्यात फक्त लघवी किती झाली तेवढंच लिहायची जागा आहे.

अजूनही वेळ आहे. दाब मोजायला परदेशी यंत्र लागत नाही. धमनीतला रक्तदाब दाखवणारा ट्रान्सड्यूसर प्रत्येक आयसीयूत असतो, तो भूलतज्ज्ञाच्या रोजच्या हाताळणीतला. त्याला सुई जोडून पोटरीच्या कप्प्यात टोचली की आकडा पडद्यावर येतो. बधिर पायात सुई टोचलेलीही कळत नाही. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि कप्प्यातला दाब यांतलं अंतर ३० च्या आत आलं की उघडायचं. १९९६ मध्ये एडिंबरात मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राउन यांनी नडगीच्या अस्थिभंगांवरून ही सीमा आखून दिली. चार कप्पे मोजायला दहा मिनिटं पुरतात.

रविवार, रात्री १.०० — शून्य

काही घडत नाही. आबा झोपले आहेत. डॉपलरला आवाज येतो आहे.

सकाळी ६.४५

रक्ततपासणीत पोटॅशियम ६.४, मेलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारं सीपीके ४० हजारांच्या वर. ईसीजीच्या लाटा टोकदार. रात्रीचाच निवासी डॉक्टर येऊन पोटरीवर हात ठेवतो आणि दोन मजले धावत खाली जातो. पुढच्या कप्प्यात दाब ५६, रक्तदाब १०६ वर ६८. अंतर १२. पाय अजूनही दुखत नाही.

सकाळी ८.१०

फॅशिओटॉमी. चीर पडताच स्नायू बाहेर उसळतात. जिवंत स्नायू लाल असतो, चिमटा लावला की आकसतो, कापलं की रक्त येतं. हे राखाडी आहेत, विजेच्या चटक्यालाही हलत नाहीत. पुढचा कप्पा पूर्ण मेलेला, मागचे दोन्हीही. मूत्रपिंडं वाचवायला डायलिसिसची तयारी होते.

मंगळवार

डावा पाय मांडीतून काढायचं ठरतं. पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा ब्लॉक, कारण हृदय तेच आहे. या वेळी गाढ औषध द्यायला काही अडचण नाही. सायॅटिकशेजारी नळी ठेवली जाते, रोपिव्हाकेन ०.२ टक्का पुढचे काही दिवस चालू राहील.

मुलगा विचारतो, गुडघा ठेवता येणार नाही का. सर्जन त्याला समोर बसवून सांगतात : गुडघ्याखाली कापायचं तर हाडावर झाकण म्हणून मागच्या पोटरीचा मांसल भाग लागतो, आणि तो उरलेला नाही. गुडघा असला की कृत्रिम पायाने चालायला कमी ताकद पुरते. मांडीतून गेलेल्या पायाला प्रत्येक पावलासाठी कितीतरी जास्त श्रम पडतात, आणि ३० टक्क्यांवर चाललेलं हृदय ते बहुधा देऊ शकणार नाही. चाकाची खुर्ची लागेल. घराचा उंबरा किती उंच आहे, असं ते विचारतात.